पार्टीला घरी करता येतील असे फळं-चीजचे छोटे घास सुचवा (जळगाव, गच्चीवर, 30 माणसं)

केळीबाग_जळगाव

नमस्कार मंडळी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सासू-सासऱ्यांच्या लग्नाला 40 वर्षं होताहेत, हॉल वगैरे काही नको, घरीच गच्चीवर करायचं ठरलंय, संध्याकाळी सातला, मोजून 30 माणसं. जेवणाचं पक्कं आहे, भरीत-पुरी, शेवभाजी, मठ्ठा आणि मांडे बाहेरून. प्रश्न आहे जेवणाआधीचा. दरवेळी भजी नाहीतर कचोरी होते आणि मग जेवायला पोटात जागाच राहत नाही, म्हणून यावेळी फळं आणि चीज असं काहीतरी हातात धरून एका घासात खाता येईल असं करायचंय.

जानेवारीत मुलीच्या वाढदिवसाला एकदा करून पाहिलं होतं. ताजं अननस, चीजचे चौकोनी तुकडे आणि सफरचंद टूथपिकला लावून सकाळीच फ्रीजमध्ये झाकून ठेवलं. संध्याकाळी काढलं तर ताटात पाणीच पाणी, सफरचंद काळं आणि चीज चक्क कडू लागत होतं, मुलांनी एकेक खाऊन तसंच ठेवलं, फार वाईट वाटलं हो. चीज खराब म्हणावं तर त्याच पाकिटातलं उरलेलं दुसऱ्या दिवशी सँडविचमध्ये घातलं ते छान होतं. मग कडू का झालं?

अजून एक म्हणजे आमच्या आत्याबाई दुकानातलं चीज खात नाहीत, त्यात जनावराचं काहीतरी घालतात असं त्यांनी ऐकलंय. सत्तरीच्या पुढची सात-आठ माणसं आहेत, त्यांना चावेल असं पाहिजे. आणि जळगावच्या बाजारात मिळेल तेच सांगा, पुण्या-मुंबईहून मागवायला लागेल असं नको.

भुसावळची_अन्नपूर्णा

ताई, आधी 40 वर्षांबद्दल काका-काकूंना नमस्कार सांगा.

कडू झालं ते अननसामुळे. कच्च्या ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातलं प्रोटीन तोडतं, आणि तुटलेल्या प्रोटीनची चव कडू लागते. तुम्ही सकाळी लावून संध्याकाळपर्यंत ठेवलं म्हणजे त्याला आठ-दहा तास मिळाले. किवी आणि पपईचंही तसंच आहे, कच्च्या पपईत तर जास्तच. उपाय एकदम सोपा, अननस गरम केलं की ते एन्झाइम मरतं. जाड चकत्या करा, तव्यावर थोडं बटर आणि चिमूटभर लाल तिखट टाकून दोन्ही बाजूंनी लालसर डाग येईपर्यंत भाजा, गार होऊ द्या आणि मग चीज लावा. पाणीही आटतं आणि चव तर दुप्पट होते. डब्यातलं अननस आधीच उकळलेलं असतं त्यामुळे त्याने कडू होत नाही, पण पाकात इतकं गोड झालेलं असतं की चीजची चव मरते, मी वापरत नाही.

सफरचंद काळं पडतं ते हवेने. लिटरभर पाण्यात दीड-दोन चमचे मीठ घाला, फोडी त्यात पाच-सात मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यातून काढून कपड्यावर एकदम कोरड्या करा. लिंबाच्या पाण्यानेही होतं पण लिंबाची चव मागे राहते, मिठाच्या पाण्याची राहत नाही.

मी घरून छोट्या ऑर्डरी घेते, आठ वर्षं झाली, त्यात शिकलेली मोठी गोष्ट म्हणजे फळ कोरडं पाहिजे आणि जोडणी शेवटी पाहिजे. चीज कापून वेगळ्या डब्यात, फळ कापून, पुसून वेगळ्या डब्यात, आणि पाहुणे जिना चढायला लागले की दोन जणींनी बसून लावायचं. 150 तुकडे दोघींना वीस-पंचवीस मिनिटांत होतात. जेवण मागे असेल तर माणशी पाच तुकडे धरा, जास्त करू नका.

आता काय करायचं ते. माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी असते पेरू-चीजला. पेरू पिकलेला पण घट्ट घ्यायचा, बियांचा मधला भाग चमच्याने काढून टाकायचा (म्हाताऱ्या माणसांच्या कवळीत बिया अडकतात म्हणून हे नक्की करा), फोडीवर जिरं-मीठ-तिखट आणि वर साध्या चीजचा चौकोनी तुकडा. पेरू आणि चीज ही जोडी काही माझ्या डोक्यातून आलेली नाही, तिकडे ब्राझीलमध्ये पेरूची घट्ट वडी आणि पांढरं चीज जेवणानंतर खातात, त्याला रोमिओ-ज्युलिएट म्हणतात, आणि आपल्या गोव्यात पेरूच्या वडीला पेराद म्हणतात. तुम्हाला वेळ असेल तर पेरूचा गर साखर घालून आटवून वड्या थापा, आठवडाभर आधी करून ठेवता येतात, त्या मऊ असतात आणि आत्याबाईंना पनीरबरोबर देता येतील.

दुसरं खजूर. मऊ खजूर उभा चिरून बी काढायची, आत चक्का भरायचा, वर भाजलेल्या बदामाचा तुकडा. हे तेवढं आदल्या रात्री करून ठेवलं तरी चालतं.

यावलचा_गवळी

आत्याबाईंचं सांगतो ताई. त्यांनी ऐकलंय ते खोटं नाही. जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये दूध जमवायला रेनेट घालतात आणि ते मूळचं वासराच्या पोटातून काढलेलं असायचं. पण आता बुरशीपासून वगैरे तयार केलेलं रेनेट मिळतं, आपल्याकडच्या चीजवर पाकिटाला हिरवा ठिपका असेल तर ते शाकाहारी आहे, तेवढं बघून घ्या. तरी त्यांच्या मनाला पटत नसेल तर जबरदस्ती कशाला, पनीर आणि चक्का दोन्ही घरी करा, त्यात रेनेटचा संबंधच नाही, पनीर लिंबाने फाटतं आणि चक्का म्हणजे टांगलेलं दही.

म्हशीचं फुल फॅट दूध घ्या. लिटरला 200 ग्रॅमच्या आसपास पनीर पडतं, गाईच्या दुधाचं कमी. दूध उकळलं की गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मग लिंबाचा रस पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला आणि हिरवट पाणी वेगळं दिसलं की हात थांबवा. लोकं घाईत सगळं लिंबू एकदम ओततात आणि मग पनीर रबरासारखं होतं, आणि आंबटही लागतं. फडक्यात बांधून गार पाण्याखाली धरा, मग पोळपाटाखाली दाबून वर पाण्याचं भांडं ठेवा, अर्ध्या-पाऊण तासात तुकडे पडतील असं होतं.

आणि एक, पनीर तव्यावर वितळत नाही, ते आकार सोडत नाही, म्हणून भाजून काडीला लावायला पनीरच बरं. प्रोसेस चीज गरम केलं की पसरतं. मार्चमध्ये आपल्याकडे गच्चीवर सातलासुद्धा फरशी तापलेली असते, चीजला घाम फुटतो, पनीर टिकतं.

चक्क्यासाठी दही ताजं, गोड पाहिजे. रात्रभर मलमलच्या फडक्यात टांगा पण फ्रीजमध्ये टांगा, बाहेर ठेवलं तर सकाळपर्यंत आंबतं. किलोभर म्हशीच्या दह्याचा अर्ध्याला थोडा कमी चक्का निघतो. श्रीखंडाला करतो तोच, फक्त साखरेऐवजी मीठ, मिरपूड, ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर घाला, बाहेरच्या स्प्रेडपेक्षा कितीतरी चांगला लागतो.

धुळेकर_सध्या_पुण्यात

सगळं बरोबर आहे पण एखादं तरी वेगळं चीज ठेवा की, ब्री किंवा गौडा, मी येताना घेऊन येत असतो, द्राक्षांबरोबर फार सुंदर लागतं. सगळं पनीरच पनीर केलं तर पाहुण्यांना वाटेल स्टार्टर म्हणजे हॉटेलसारखं पनीर टिक्का.

भुसावळची_अन्नपूर्णा

@धुळेकर भाऊ, चवीला छान लागतं हे मान्य, पण ब्री मऊ असतं, पुण्याहून जळगावपर्यंत गाडीत आणायचं, मग गच्चीवर ठेवायचं, आपल्या उन्हाळ्यात त्याचं पाणी होतं. आणि वास. माझ्या एका ऑर्डरीत यजमानांनी हौसेने आणलेलं तसलं चीज ठेवलं होतं, घरच्या मोठ्या माणसांनी वासानेच ताट पुढे सरकवलं आणि मग बाजूच्या चांगल्या गोष्टींनाही हात लावला नाही. 40 वर्षांचा सोहळा ज्यांचा आहे ती माणसं आवडीने खातील असं असलं पाहिजे ना. गौडा चालेल, तो घट्ट असतो आणि चव सौम्य. द्राक्षं मार्चमध्ये नाशिककडची भरपूर आणि गोड असतात, ती गौड्याबरोबर द्या.

धुळेकर_सध्या_पुण्यात

पटलं. वासाचा विचार नव्हता केला. मग अजून एक सांगतो जे इथे शिकलो, कलिंगड आणि खारवलेलं पनीर. ग्रीसमध्ये फेटा म्हणून मेंढी-बकरीच्या दुधाचं चीज असतं, ते मिठाच्या पाण्यात मुरवतात आणि कलिंगडाबरोबर खातात. मी घरचं पनीर चौकोनी कापून मिठाच्या पाण्यात लिंबू पिळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतो, सकाळी खारट-आंबट होतं, अगदी तसंच नाही पण जवळपास. कलिंगडाचा तुकडा, वर पनीर, पुदिन्याचं एक पान. कलिंगडाला पाणी फार सुटतं म्हणून कापून तासभर चाळणीत ठेवायचं, आणि वरून मीठ अजिबात टाकायचं नाही, पनीरचं मीठ पुरतं. वयस्कर माणसांना चावायचा त्रास नाही.

शहादा_नंदुरबार

लहान मुलं येणार असतील तर दोन गोष्टी. द्राक्ष अख्खं देऊ नका, उभं चिरून चार भाग करा, पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष बरोबर अडकतं. आणि मुलांच्या ताटात टूथपिक नको, पळताना टोचते. दुसरं, दूध-चीजचं ताट उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त नको, 32 डिग्रीच्या वर गरम असेल तर एकच तास. निम्मं वर न्या, निम्मं फ्रीजमध्ये ठेवा.

आमच्याकडे पपईच पपई, पण चीजबरोबर नका घेऊ, वर सांगितलंय त्याच कारणाने, आणि ती मऊ पडून ताट ओलं करते. आमच्याकडचं लाल तिखट मात्र पेरूवर नक्की घ्या.

केळीबाग_जळगाव

किती छान सांगितलं सगळ्यांनी, वहीत उतरवून घेतलं. अननसाचं कळल्यावर जीव हलका झाला. एक राहिलं, आमच्याच बागेतली केळी आहेत आणि सासऱ्यांचा सगळा जन्म त्या केळीत गेला, 2016 ला जळगावच्या केळीला जीआय (त्या भागाची खासियत म्हणून मिळणारं मानांकन) मिळालं तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. केळी नसली तर त्यांना चुकल्यासारखं वाटेल. पण केळी आणि चीज होतं का? आणि बिस्किटाऐवजी खाली काय लावू, बिस्किटं नरम पडतात.

भुसावळची_अन्नपूर्णा

अहो केळीच घ्या मग, आणि खालीसुद्धा केळीच लावा! कच्च्या केळीचे जाड वेफर्स, गोल, खारे. त्यावर मिरपूड घातलेल्या चक्क्याचा छोटा गोळा आणि वर पिकल्या केळीची पातळ चकती, तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी सोनेरी केलेली. केळ पिवळं पण देठाला अजून हिरवट असं घ्या, ठिपके पडलेलं घेतलं तर तव्यावर शिरा होतो. चकती भाजली की काळी पडायचा प्रश्नही राहत नाही. वेफरवर चक्का मात्र वाढतानाच लावा, दहा मिनिटांत नरम पडतो.

यावलचा_गवळी

बिबडे (आपले खानदेशी ज्वारीचे पापड) विसरले का सगळे? मागच्या उन्हाळ्यातले डब्यात असतीलच. ज्वारीचे बिबडे भाजून घासाएवढे तुकडे करा, त्यावर लसणाचा चक्का आणि डाळिंबाचे दाणे. आमच्या आईने मागच्या दिवाळीत केलं होतं, घरची पोरं चिप्स सोडून तेच खात बसली. म्हाताऱ्यांना बिबडे कडक लागतील, त्यांना केळीचं आणि कलिंगडाचं द्या.

शहादा_नंदुरबार

बिबडे न चक्का, एकदम भारी शे भाऊ.

केळीबाग_जळगाव

झालं काल! सांगते. पेरू, कलिंगड-पनीर, खजूर, केळी-वेफर आणि बिबडे असे पाचच प्रकार ठेवले, अननस राहू दिलं. आदल्या दिवशी चार लिटर दुधाचं पनीर आणि दीड किलो दह्याचा चक्का, खजूर रात्रीच भरून ठेवले. दुपारी फळं कापून पुसली, सहा वाजता मी आणि जाऊबाई लावायला बसलो. पेरूचं ताट सगळ्यात आधी संपलं. खजूर थोडे उरले, माणशी एकच पुरला असता, गोड होतं ना. बिबड्यांचं लहान मुलांनी दोनदा मागितलं. आत्याबाईंनी कलिंगडाचे सहा तुकडे खाल्ले आणि पनीर कुणी केलं म्हणून विचारत होत्या.

सासऱ्यांनी केळी-वेफरचा पहिला घास घेतला, जरा थांबले आणि म्हणाले, ही आपल्या बागेतली का. हो म्हटलं. मग स्वतःच ताट उचलून एकेकाला द्यायला लागले, खुर्चीवर बसवलं तरी बसेनात, सासूबाईंना स्वतःच्या हाताने एक भरवला. फोटो सगळे त्याचेच आलेत.

@यावल, त्या लसणाच्या चक्क्यात तुम्ही लसूण कच्चा घालता की परतून? आमच्याकडे कच्चा थोडा उग्र झाला, पुढच्या महिन्यात भाच्याच्या साखरपुड्याला परत करायचंय.

यावलचा_गवळी

सालीसकट विस्तवावर भाजायचा ताई, वांग्याबरोबर भाजतो तसा. मऊ झाला की सोलून मीठाबरोबर ठेचा, मग चक्क्यात घाला. पाव किलो चक्क्याला चार पाकळ्या पुरे.