'आधी कार्ड घे, प्रोसेसरचं नंतर बघू' या सल्ल्याला माझा विरोध आहे

जुनी_खुर्ची

कुठेही विचारा की नवीन पीसी बांधतोय, काय घेऊ, पहिलं उत्तर ठरलेलं असतं. सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात टाक, प्रोसेसर काय कुठलाही चालतो. मीपण तेच ऐकलं आणि हौसेने नवं कोरं कार्ड आणून माझ्या जुन्या ४ कोअर ४ थ्रेडवाल्या (म्हणजे एका वेळी चारच कामं हाताळणाऱ्या) प्रोसेसरच्या गळ्यात बांधलं. आता एक ओपन वर्ल्ड गेम खेळतोय, त्यात जंगलात फिरतोय तोवर सगळं झकास, आणि शहरातल्या चौकात शिरलो रे शिरलो की गेम अडखळायला लागतो. ऍव्हरेज ७८ एफपीएस (सेकंदाला फ्रेम) दिसतंय पण १% लो, म्हणजे सगळ्यात हळू १% फ्रेमचा वेग, ३१. ऍव्हरेजचा स्क्रीनशॉट पाहून मित्र म्हणतो मस्त आहे की, त्याला कुठे माहिती की मान वळवली की चित्र कसं धक्के खात वळतंय ते.

मग एक प्रयोग केला, जो खरं तर कार्ड घ्यायच्या आधी करायला हवा होता. त्याच चौकात उभा राहिलो आणि सगळ्या सेटिंग अल्ट्रावरून लो वर आणल्या. सावल्या गेल्या, गवत गेलं, पाण्यातलं प्रतिबिंब गेलं, गेम दिसायला १५ वर्षं म्हातारा झाला. फ्रेम किती वाढल्या? ३. आणि कार्डचा वापर जो ५८% होता तो अजून खाली.

कारण साधं आहे. प्रत्येक फ्रेमसाठी आधी प्रोसेसर हिशोब करतो, कोण कुठे उभं आहे, कोण कशाला धडकलं, कॅमेऱ्यासमोर काय काय येतंय, आणि मग कार्डाला यादी देतो की हे रंगव. १४४ एफपीएस हवेत तर एका फ्रेमला मिळतात ६.९ मिलिसेकंद. तेवढ्यात यादीच हातात आली नाही तर कार्ड कितीही तगडं असो, ते हातावर हात ठेवून बसणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

म्हणून माझं म्हणणं, आधी आपल्याला किती एफपीएस हवेत तो आकडा ठरवा, तो आकडा गाठणारा प्रोसेसर घ्या, आणि उरलेल्यात आपल्या रिझोल्यूशनला झेपेल असं कार्ड. उलटं नाही. घ्या, तुटून पडा.

चारके_चंदू

असहमत, आणि चांगलाच असहमत.

तुझा प्रोसेसर म्हातारा आहे एवढंच सिद्ध झालं, सल्ला चुकीचा आहे हे नाही. ४ थ्रेडवर आजचे गेम चालवायचे आणि वर दोष सल्ल्याला, नाचता येईना अंगण वाकडं. मी ४के वर खेळतो. १०८०पी मधे २०.७ लाख पिक्सेल, ४के मधे ८२.९ लाख, म्हणजे चौपट रंगकाम, आणि ते सगळं कार्डाच्या डोक्यावर. प्रोसेसरला फरक पडत नाही, तो १०८०पी ला जेवढी यादी करतो जवळपास तेवढीच ४के ला करतो. माझं कार्ड कायम ९८-९९% वर असतं. मी मधे प्रोसेसर बदलून पाहिला, एफपीएस जागचे हलले नाहीत.

आणि ते रिव्ह्यू बघून लोक घाबरतात ते तर हास्यास्पद आहे राव. सगळ्यात महागडं कार्ड लावायचं, १०८०पी वर गेम चालवायचा आणि म्हणायचं हा प्रोसेसर २५% फास्ट. असं खेळतं कोण?

जुनी_खुर्ची

@चंदू, असं कोणीच खेळत नाही, मान्य, पण ती टेस्ट खेळण्यासाठी नसतेच. कार्डाची अडचण बाजूला काढली तर प्रोसेसर जास्तीत जास्त किती फ्रेम देऊ शकतो ते छत मोजायला असते. त्या गेममधे छत ९० चं निघालं तर तू ४के लाव नाहीतर अजून काही लाव, ९० च्या वर जाणार नाहीस. आज तुझं कार्ड ७० देतंय म्हणून तुला छत दिसत नाहीये. पुढचं कार्ड आणलंस की डोकं आपटेल.

नवशिक्या_०७

एक बेसिक शंका. एका साइटवर प्रोसेसर आणि कार्ड टाकलं की बॉटलनेक (एकामुळे दुसरं किती अडतंय) किती ते येतं. माझं १४.२% आलं. हे वाईट आहे का? १०% च्या आत हवं म्हणतात.

थ्रेडमोजणी

ती साइट बंद कर आणि झोप. गेम कुठला ते विचारलं का तिने? सेटिंग, रिझोल्यूशन? तोच पीसी शत्रू कमी असलेल्या गुहेत कार्डावर अडतो आणि गर्दीच्या गल्लीत प्रोसेसरवर अडतो, एकाच गेममधे, पाच मिनिटांच्या अंतराने. १४.२ मधला तो .२ कुठून आला देव जाणे.

बाकी धाग्यावर: टास्क मॅनेजर उघडून 'माझा प्रोसेसर तर फक्त ३५% चालतोय' म्हणणारे आता येतीलच, त्यांच्यासाठी आधीच लिहून ठेवतो. १६ थ्रेडच्या प्रोसेसरमधे एक थ्रेड पूर्ण भरला तर तो एकूण वापरात ६.२५% दिसतो. गेमचा मुख्य थ्रेड तिथे घाम गाळत असतो आणि बाकीचे बघ्याची भूमिका घेतात. त्यामुळे प्रोसेसरचा आकडा बघूच नका, कार्डाचा बघा. एफपीएसला कॅप (वरची मर्यादा) नाही, व्हीसिंक (मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद आहे आणि तरी कार्ड ९५ च्या खाली रेंगाळतंय म्हणजे त्याला वरून काम मिळत नाहीये.

कॅशवाली

मी इथे थोडी वेगळ्या कारणाने जुनी_खुर्चीच्या बाजूने. मी शहरं वसवायचे आणि कारखाने उभारायचे गेम खेळते, नेमबाजी वगैरे जमत नाही मला. या प्रकारात कार्ड अक्षरशः झोपा काढतं. फॅक्टोरिओमधे कारखाना पसरला की आधी सिम्युलेशनच सेकंदाला ६० अपडेट्सच्या खाली येतं, तिथे जगातलं सगळ्यात भारी कार्ड आणून लावा, पट्ट्यावरून माल तेवढ्याच वेगाने जाणार.

आणि 'प्रोसेसर कुठलाही चालतो' म्हणणाऱ्यांनी एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर आठवावा. एप्रिल २०२२ मधे आला. साध्या ५८००एक्सचा बूस्ट ४.७ गिगाहर्ट्झ, याचा ४.५, म्हणजे कागदावर हा हळू. कोअर तेवढेच, ८. फक्त एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी वरून ९६ एमबी, प्रोसेसरच्या डोक्यावर माळा चढवल्यासारखी. आणि गेममधे हा हळू प्रोसेसर सरळ पुढे निघून गेला, कारण गेमचा डेटा विखुरलेला असतो, दरवेळी रॅमपर्यंत हेलपाटा मारण्यात वेळ जातो, तो हेलपाटाच वाचला. म्हणजे गिगाहर्ट्झ आणि कोअर मोजून प्रोसेसर निवडणारेही फसतात, नुसते कार्डवालेच नाही. गंमत म्हणजे २०१७ च्या कित्येक मदरबोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून तो बसला, म्हणजे 'प्रोसेसरचं नंतर बघू' हे चंदूच्या बाजूचं वाक्य तिथे खरंही ठरलं. ते मी त्याला देऊन टाकते.

चारके_चंदू

धन्यवाद ताई, निदान कोणीतरी काहीतरी दिलं.

पण बघा, तुम्ही सगळे टोकाची उदाहरणं देताय. ४ थ्रेड, हजार पट्ट्यांचा कारखाना. साधा माणूस स्टोरीवाले गेम कंट्रोलर घेऊन सोफ्यावर बसून खेळतो, त्याला ६० पुरतात, आणि ६० म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, तेवढ्यात अलीकडचा कुठलाही ६ कोअर आरामात काम उरकतो. अशा माणसाला महाग प्रोसेसर घ्यायला लावून कार्डात काटकसर करायला लावणं म्हणजे त्याचं नुकसान आहे. अल्ट्रा टेक्श्चर, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब), हे सगळं कार्ड देतं, प्रोसेसर नाही.

शिवाय आता अपस्केलिंग (लहान चित्र रंगवून मोठं करणं) आहे, फ्रेम जनरेशन आहे. प्रोसेसरने ५० दिल्या तर कार्ड स्वतःच मधल्या बनवून १०० करतं. विषय संपला.

थ्रेडमोजणी

विषय आत्ता सुरू झाला, चंदूभाऊ. अपस्केलिंग कुठल्या मोडवर ठेवतोस?

चारके_चंदू

परफॉर्मन्स. का?

थ्रेडमोजणी

मग तू ४के वर खेळत नाहीस, १०८०पी वर खेळतोस :)

खरंच. परफॉर्मन्स मोडला लांबी रुंदी दोन्ही निम्मी होते, ३८४०x२१६० चं आत १९२०x१०८० रेंडर होतं आणि मग फुगवून दाखवतात. फुगवायला कार्डाचा थोडा वेळ जातो, पण रंगकाम १०८०पी एवढंच, म्हणून फ्रेम भराभर मागितल्या जातात आणि प्रोसेसरवरचं ओझंही १०८०पी सारखंच. ज्या १०८०पी च्या रिव्ह्यूला तू वर हसलास ना, तुझा पीसी बराचसा त्याच जागी उभा आहे. क्वालिटी मोड घेतलास तरी आत १४४०पी. आणि रे ट्रेसिंग नुसतं कार्डाचं काम नाही, हलणाऱ्या वस्तूंचा आराखडा दर फ्रेमला नव्याने लावायचा असतो, त्यातली बरीच तयारी प्रोसेसरच्या माथी येते.

फ्रेम जनरेशनचं म्हणशील तर दोन खऱ्या फ्रेमच्या मधली बनवायची म्हणजे पुढची खरी फ्रेम आधी तयार हवी, आणि ती दाखवायची थांबवून ठेवायला हवी. डोळ्याला १०० दिसतात पण हाताला ५० पेक्षाही थोडं जड लागतं. आणि १% लोचे झटके? ते तसेच राहतात, प्रोसेसर अडकला की मधली फ्रेम तरी कशाच्या आणि कशाच्या मधे बनवणार.

चारके_चंदू

हं. ते १०८०पी चं लक्षात आलं नव्हतं, मान्य करतो. आत्ता क्वालिटीवर टाकून बघितलं, कार्ड ९९ वरच आहे, म्हणजे माझ्याकडे अजून तरी कार्डच अडतंय. मोडेन पण वाकणार नाही.

उंदीरमामा

दोन्ही बाजूंचं एक गोष्ट सोडून सगळं बोलून झालंय. जोडी जुळणं हे नुसतं वेगाचं नसतं, ड्रायव्हरचंही (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही) असतं.

इंटेलचं आर्क बी५८० कार्ड डिसेंबर २०२४ मधे आलं. रिव्ह्यू सगळे सगळ्यात वेगवान प्रोसेसर लावून, कारण पद्धतच तशी, आणि त्यात कार्ड छान निघालं. मग जानेवारी २०२५ मधे हार्डवेअर अनबॉक्स्डसारख्या यूट्यूब चॅनेलनी तेच कार्ड रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर लावून पाहिलं तर काही गेममधे ते एवढं घसरलं की ज्याला ते हरवत होतं त्याच्याच मागे गेलं. ड्रायव्हर प्रोसेसरचा वेळ जास्त खातो. आता गंमत बघा, असं कार्ड घेणारा माणूस कोण? ज्याच्याकडे जुना प्रोसेसर आहे तोच! ज्याच्यासाठी बनवलं त्याच्याशीच ३६चा आकडा. एनव्हिडियाच्या कार्डांचंही २०२१ मधे असंच निघालं होतं, डायरेक्टएक्स १२ वरच्या गेममधे मंद प्रोसेसरवर एएमडीची रेडियन कार्डं पुढे आणि वेगवान प्रोसेसर लावला की चित्र उलटं.

तेव्हा 'कार्ड आधी' म्हणा की 'प्रोसेसर आधी', कार्डाचा रिव्ह्यू कुठल्या प्रोसेसरवर केलाय ते न बघता घेतलं तर दोघेही खड्ड्यात.

अवांतर: @जुनी_खुर्ची, रॅम किती आणि कशी लावलीये? प्रोसेसर अडतोय म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची रॅम अडत असते.

जुनी_खुर्ची

८-८ जीबीच्या दोन काड्या. ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन काड्या दोन वेगळ्या वाटांवर. तेवढं कळतं हो मामा.

उंदीरमामा

कुठल्या स्लॉटमधे?

जुनी_खुर्ची

शेजारी शेजारी

थांबा

कॅशवाली

😂😂 अरे देवा

जुनी_खुर्ची

हसू नका. घरी येऊन साइड पॅनल काढलं. चार स्लॉट, आणि दोन्ही काड्या प्रोसेसरकडच्या पहिल्या दोनात खेटून, म्हणजे दोन्ही एकाच चॅनेलवर. वर्षानुवर्षं. बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलंय दुसरा आणि चौथा वापरा, पुस्तिका अजून प्लास्टिकमधे होती. बायोसमधे एक्सएमपीही (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बंदच, ३२०० ची रॅम २१३३ वर पळत होती. दोन्ही नीट केलं. त्याच चौकात, तीच सेव्ह फाइल, तिथेच उभा राहून मोजलं: ऍव्हरेज ७८ चं ८९, १% लो ३१ चं ४४. पैसा शून्य.

चारके_चंदू

म्हणजे प्रोसेसर निर्दोष सुटला! धाग्याचं शीर्षक बदला मालक.

जुनी_खुर्ची

सुटला कसला, जामिनावर आहे. मीपण तुझ्यासारखाच खूश झालो होतो, पण मग तोच प्रयोग परत केला. अल्ट्रावरून लो. सावल्या गेल्या, गवत गेलं. ८९ चे ९१. कार्ड ६६% वर. रॅमने छत थोडं वर सरकवलं, पण डोकं अजून छतालाच लागतंय. गेमच्या सेटिंगमधे गर्दी कमी करायचा स्लायडर सापडला, सायबरपंकमधे असतो तसला, तो मिडियमवर टाकल्यावर मात्र १०२ झाले. सावल्या उडवून २ आणि माणसं उडवून ११, अजून काय पुरावा पाहिजे.

नवशिक्या_०७

मीपण आत्ता उघडून पाहिलं. माझी एकच काडी आहे :(

चारके_चंदू

@जुनी_खुर्ची, एवढं करण्यापेक्षा ६० ला कॅप लाव, सावल्या परत अल्ट्रा कर आणि खेळ की बाबा. झटके निम्मे तर तिथेच विरतील.

जुनी_खुर्ची

लावला असता. मॉनिटर १४४ चा घेऊन बसलोय ना. तो कार्डाच्याही आधी घेतला होता.