मदत हवी आहे: अँटिबायोटिक सिरपची दुसरी बाटली दुप्पट तीव्रतेची निघाली

माझी मुलगी तेरा महिन्यांची असून तिचे वजन नऊ किलो आहे. सर्दीनंतर तिचा उजवा कान वाहू लागला, ताप १०२ पर्यंत चढला आणि बालरोगतज्ज्ञांनी कान तपासून जिवाणूंचा संसर्ग असल्याचे सांगितले. चिठ्ठीवर अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक आम्ल यांचे एकत्रित ड्राय सिरप, ५ मिलि, दिवसातून दोनदा, सात दिवस असे लिहिले होते. बाटली ३० मिलिची असल्यामुळे ती बरोबर तीन दिवसांत संपली. चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी घाईघाईत दुसऱ्या मेडिकलमधून त्याच नावाची बाटली आणली, त्यात पाणी घातले आणि माझ्या आईने नेहमीप्रमाणे ५ मिलिचा डोस दिला.

संध्याकाळी दोन्ही खोकी शेजारी ठेवली तेव्हा लक्षात आले की पहिल्यावर '५ मिलिमध्ये २२८.५ मिग्रॅ' आणि दुसऱ्यावर '५ मिलिमध्ये ४५७ मिग्रॅ' असे छापले आहे. नाव तेच, फक्त पुढे दोन-तीन अक्षरे जास्त. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही आणि मीही रिकामी बाटली सोबत नेली नाही, म्हणजे चूक दोघांची. डॉक्टरांना लगेच फोन केला. एका जास्तीच्या डोसने घाबरण्याचे कारण नाही, मात्र या बाटलीतून यापुढे अडीच मिलिच द्यावे आणि बाळावर लक्ष ठेवावे, असे त्यांनी सांगितले. तिला दुपारपासून तीन वेळा पातळ शी झाली आहे, पण ती दूध पिते आहे आणि खेळतेही आहे.

डॉक्टरांना प्रत्येक बारीकसारीक गोष्टीसाठी फोन करणे संकोचाचे वाटते, म्हणून येथे विचारतो. मोजमापाच्या टोपीवर अडीचची खूण पुसट आहे आणि आई टोपीतले औषध बोंडल्यात ओतून पाजते, त्यामुळे थोडे बोंडल्यालाच चिकटून राहते. अशा वेळी नेमका डोस कसा द्यावा? काल औषध दिल्यावर दहा मिनिटांत तिने उलटी केली, तेव्हा डोस पुन्हा द्यायला हवा होता का? येथे अकोल्यात दुपारी दोन-दोन तास वीज जाते, त्याने फ्रिजमधले औषध खराब होते का? शिवाय ताप उतरल्यामुळे 'आता औषध पुरे, लेकराचे पोट बिघडले' असे आईचे म्हणणे आहे. तिला काय सांगावे?

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे रुग्णालयाच्या औषध वाटपाच्या खिडकीवर काम केले आहे. आपण फोन केलात ते उत्तम झाले. डोस मुळात मिलिग्रॅममध्ये आणि मुलाच्या वजनावरून ठरतो; मिलि हे फक्त त्या विशिष्ट बाटलीपुरते माप असते. आपल्या बाळाला दर वेळी अमॉक्सिसिलिन २०० मिग्रॅ मिळायचे होते, ते पहिल्या बाटलीच्या ५ मिलित होते आणि दुसरीच्या अडीच मिलित आहे. २२८.५ या आकड्यात वरचे २८.५ क्लॅव्युलॅनिक आम्लाचे असते, आणि पोट बिघडण्यात बहुधा त्याचाच वाटा जास्त असतो.

बोंडले या औषधापुरते बाजूला ठेवा. कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणारी ५ मिलिची सिरिंज घ्या, सुई काढून फेकून द्या, टोपणही बाळाच्या हाती लागू देऊ नका. बाळाला टेकवून बसवा आणि गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे सोडा, थेट घशात नको. घरातल्या चमच्यांवर तर मुळीच विसंबू नका, दोन चमच्यांचे माप सहसा जुळत नाही. दुधाच्या पूर्ण बाटलीत औषध मिसळू नका, कारण बाळाने अर्धे दूध टाकले तर किती औषध पोटात गेले ते कळणार नाही. खाण्याच्या सुरुवातीला दिल्यास हे औषध पोटाला कमी त्रास देते.

दर वेळी बाटली नीट हलवता ना? हे विचारतो, कारण पुष्कळ घरांत ती फक्त पहिल्या दिवशी हलवली जाते. मग साका तळाशी बसतो, सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे दाट जातात. पाणी घालतानाही आधी बाटली ठोकून भुकटी सुटी करावी, निम्मे पाणी घालून हलवावे, फेस बसू द्यावा आणि मग लेबलवरच्या खुणेपर्यंत भरावे. तयार औषध फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नव्हे, सात दिवस टिकते. फ्रिजचे दार बंद ठेवल्यास दोन तास वीज गेल्याने काही बिघडत नाही. फक्त बाटली दाराच्या कप्प्यात न ठेवता आतल्या बाजूला ठेवा.

पंधरा-वीस मिनिटांत सगळे उलटून पडले तर बहुतेक डॉक्टर तो डोस एकदा पुन्हा द्यायला सांगतात, तासाभराने उलटी झाली तर नाही. आपल्या बाळापुरता हा नियम डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या. राहून गेलेला डोस आठवताच द्यावा, पण पुढच्याची वेळ झाली असेल तर दोन एकत्र देऊ नयेत.

पातळ शीसाठी ओआरएस आणि दूध चालू ठेवा. शीत रक्त दिसले, लघवी कमी झाली किंवा बाळ मलूल पडले तर त्याच दिवशी दाखवा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली तर औषध थांबवून तडक रुग्णालय गाठा. आजींना एवढेच सांगा की ताप उतरला तरी कानाच्या आतला संसर्ग पूर्ण गेलेला नसतो, म्हणून दिवस डॉक्टरांनीच कमी करायचे.

धागाकर्ता

मनापासून आभार. बाटली आम्ही खरोखरच पहिल्या दिवशीच हलवत होतो. सिरिंज आणली आहे, तिच्यावर अडीचच्या खुणेशी लाल पेनने रेघ मारली आणि आईकडून दोनदा साध्या पाण्याने भरून घेतली. आज शी एकदाच झाली. चिठ्ठी आणि रिकामी बाटली आता फ्रिजवरच्या डब्यात एकत्र ठेवली आहे.