सोसायटीतलं कंपोस्ट बंद करायचा ठराव येतोय, मीटिंगला काय बोलू?

बाल्कनीतली_तुळस
नमस्कार मंडळी. बाणेरला राहते, ११२ फ्लॅट, मागच्या भिंतीला ओल्या कचऱ्याचे सहा पिट आहेत. चार वर्षं बरं चाललं होतं पण यंदा पावसाळ्यात वास सुटला, अळ्या झाल्या आणि बी विंगच्या पहिल्या मजल्यावाल्यांनी ग्रुपवर रोज फोटो टाकून डोकं उठवलंय. रविवारी मीटिंग आहे, पिट बंद करायचे आणि महिन्याचे पैसे देऊन खाजगी टेम्पोवाल्याला कचरा द्यायचा असा ठराव आहे. टेम्पो रिकामा कुठे करतो विचारलं तर "ते आपल्याला काय करायचंय". मला पटत नाहीये, पण नाकाला रुमाल लावून तत्त्वं कशी सांगणार?

माजी_सेक्रेटरी
पर्यावरण नंतर, आधी खिसा. गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं यातलं एक असेल तर प्रॉपर्टी टॅक्समध्ये ५ टक्के सूट आणि दोन असतील तर १०, ती तुमच्याकडे लागू असेल तर पिट बंद केल्यावर जाणार. शिवाय २०१६ च्या घनकचरा नियमांत ५००० चौ.मी. वरच्या गेटेड सोसायटीने ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं होतं, २०२६ पासून नवे नियम आलेत, ते एकदा बघून घ्या. पहिल्या पाच मिनिटांत हे बोलून टाका, नंतर कोण ऐकत नाही, सगळ्यांना समोसे दिसायला लागतात.

फुरसुंगीकर
टेम्पो कुठे जातो हे "आपल्याला काय करायचंय" म्हणणाऱ्यांना आमच्याकडे पाठवा. उरुळी देवाची-फुरसुंगीत पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं पडलाय, विहिरींचं पाणी गेलं, आमच्या आजोबांच्या मळ्यातल्या विहिरीवर आता कोणी बादलीसुद्धा सोडत नाही. २०१७ ला डेपोला आग लागली तेव्हा गावाने गाड्या अडवल्या, जवळजवळ तीन आठवडे, तेव्हा पुण्यातल्या लोकांना आठवलं की फुरसुंगी नावाचं गाव आहे. त्याच वर्षी गाव मनपात घेतलं आणि २०२४ ला परत बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. तुमचा वास कुठे जात नाही हो ताई, पत्ता बदलतो फक्त.

सरळ_हिशोब
दादा तुमचं दुःख मान्य, पण आम्ही टॅक्स भरतो ना? कचरा उचलणं पालिकेचं काम आहे, प्रत्येक सोसायटीने खतकारखाना काढायचा का? आयटीतून रात्री दहाला येणाऱ्या माणसाने केळीची सालं चिरत बसायची?

माजी_सेक्रेटरी
सालं चिरू नका, फक्त दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून ओल्यात टाकू नका. आमच्या पिटमधून चाळताना मूठभर निघायचे ते कोपरे. पिशवीला चीर द्यायची, तुकडा सुटू द्यायचा नाही, एवढंच.

खतवाली_मावशी
वास येतोय म्हणजे ओलं जास्त, हवा कमी. पिटमधला मधला थर मुठीत घेऊन दाबा, पाणी गळलं तर चुकलंय, दोनतीन थेंब आले तर ठीक. प्रत्येक ओल्या थरावर सुका पाला नाहीतर लाकडाचा भुसा घाला, भरपूर घाला, लोक चिमूटभर टाकतात तिखट मिठासारखं. प्लायवूडचा भुसा नको, त्यात गोंद असतो. वर पत्रा घाला पण बाजूने वारा खेळू द्या. अळ्यांना घाबरू नका, त्या बहुतेक ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या काळ्या माशीच्या असतील, कचरा फस्त करतात, कोरडं झालं की कमी होतात. आणि एक विचारते, राग नका मानू. पिट हलवतं कोण?

बाल्कनीतली_तुळस
आज सकाळी जाऊन मूठ दाबली, कोपरापर्यंत पाणी आलं 😣 पाला तर झाडणारे भैया गोळा करून रोज पेटवत होते, मला चार वर्षं कळलं नाही. आणि मावशी, हलवतात त्या हाउसकीपिंगच्या दोघी, पहिल्यांदाच विचारलं त्यांना. हातमोजे जानेवारीत फाटलेत, फावडं एकच आहे, त्याचाही दांडा हलतो. पाऊस लागला की वरून पाणी शिरतं हे त्यांनी मॅनेजरला दोनदा सांगितलंय म्हणे. रविवारी त्या दोघींनाच मीटिंगला खुर्ची द्यायची म्हणते, कमिटी चालू देईल का माहीत नाही. कोणाकडे बाणेर-औंध बाजूला साध्या लाकडाचा भुसा देणारा सुतार आहे का? दोन पोती तरी लागतील.