मॅग्नेपॅन १.७आय या पॅनेल स्पीकरसाठी तीन पॉवर अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) घरी ताडून पाहायचे आहेत, पद्धत काय ठेवावी?

कोथरूडकर
खोली १२ × १८ फूट. स्पीकर मागच्या भिंतीपासून साडेतीन फूट पुढे, खुर्ची स्पीकरपासून ३ मीटरवर. तीन पॉवर अ‍ॅम्प काही दिवसांसाठी घरी येताहेत: पुश-पुल व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा, ४० वॅट), क्लास एबी (नेहमीचा ट्रान्झिस्टरचा, ८ ओहमला १००, ४ ओहमला २०० वॅट) आणि क्लास डी (स्विचिंग पद्धतीचा, ४ ओहमला ४०० वॅट). प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्हचा आहे, त्याच्या आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. ऐकणं मुख्यतः ख्याल आणि तबला सोलो, अधूनमधून सिंफनी. या स्पीकरना ४० वॅट पुरतील का? आणि स्विच लावून चटकन आलटून पालटून ऐकता येईल का?

ओहमचा_नियम
सगळ्यात आधी पातळी जुळवा, बाकी सगळं नंतर. प्रत्येक पॉवर अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती पटीने वाढवतो ते) वेगळा असतो, एकाचा २६ डीबी (डेसिबल) तर दुसऱ्याचा २९. प्रीअ‍ॅम्पची खुंटी तशीच ठेवून अ‍ॅम्प बदलला की आवाज ३ डीबीने वाढतो, आणि जो मोठा वाजतो तोच कानाला ‘मोकळा’, ‘तपशीलवार’ वाटतो. अर्ध्या डीबीचा फरक तर मोठा म्हणून जाणवतही नाही, नुसता चांगला वाटतो. म्हणून कानाने जुळवू नका.

४०० हर्ट्झचा साइन टोन −२० डीबीएफएसला (डिजिटल कमाल पातळीच्या २० डीबी खाली) लावा. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा, स्पीकर जोडलेलाच असू द्या. २.८३ व्होल्ट येईपर्यंत आवाज वाढवा. दुसऱ्या अ‍ॅम्पला तोच आकडा २.८० ते २.८६ च्या आत यायला हवा, म्हणजे फरक ०.१ डीबीच्या आसपास राहतो. ४०० हर्ट्झ अशासाठी की बहुतेक स्वस्त मीटर त्याच्या वर एसी बरोबर दाखवत नाहीत. दोन्ही चॅनेल वेगवेगळे तपासा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये डावा-उजवा फरक अर्धा डीबीसुद्धा निघतो.

प्रीअ‍ॅम्पची खुंटी टप्प्याटप्प्याने फिरणारी असेल तर इतकं बारीक जुळणार नाही. कॉम्प्युटरवरून वाजवत असाल तर इक्वलायझर एपीओ या सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रीअ‍ॅम्प’ नावाचा आकडा ०.१ डीबीच्या पायरीने टाकता येतो. नेहमी जास्त गेनवाल्याला खाली आणा.

सप्तक_पुणे
४० वॅटचं गणित करून पाहू. स्पीकरच्या संवेदनशीलतेचा (१ मीटरवर किती मोठा वाजतो त्याचा) कंपनीचा आकडा ८६ डीबी आहे, पण तो २.८३ व्होल्टला. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, तेव्हा एका वॅटला हिशोब ८३ वर येतो. ३ मीटरवर खोलीत साधारण ६ डीबी वजा करा, दोन स्पीकरचे ३ मिळवा. खुर्चीवर ८३ डीबी, प्रत्येक बाजूला २ वॅट देऊन.

सिंफनीच्या शिखराला १०३ डीबी हवे असतील तर आणखी २० डीबी, म्हणजे २८.३ व्होल्ट, २०० वॅट. शिखराचा प्रवाह १० अँपियर. तुमचा क्लास एबी अगदी काठावर पोचतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प ४ ओहमच्या टॅपवरून (आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीवरून) १२.६ व्होल्टला थांबतो, म्हणजे खुर्चीवर ९६ डीबी. सरासरी ७८-८० डीबीला ख्याल ऐकण्यासाठी तो पुरायला हवा. तबला सोलो मोठ्याने लावलात तर आधी डग्ग्याचा घाव बोथट होईल, मग चाटीवरचे बोल चिकटायला लागतील. खात्री करायची तर ऑसिलोस्कोप (तरंगाचा आकार दाखवणारं यंत्र) लावा: शिखर १७.८ व्होल्टला कापलं गेलेलं दिसलं की अ‍ॅम्प संपला. मल्टीमीटरवर हे दिसत नाही.

व्हॉल्व्हच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याचा आउटपुट इम्पीडन्स (आतला रोध) १ ओहम धरा. ३ ते २० ओहम वरखाली होणाऱ्या, लाकडी खोक्यातल्या नेहमीच्या स्पीकरवर एवढ्यानेच स्वर-समतोल २ डीबीने बदलतो. मॅग्नेपॅन मात्र जवळजवळ निव्वळ रेझिस्टरसारखे वागतात, त्यामुळे हा दोष इथे फारसा उरत नाही. ते कठीण आहेत ते शक्तीच्या भुकेमुळे. अपोजी सिंटिला या स्पीकरच्या १ ओहमच्या जोडणीसारखा किंवा २० किलोहर्ट्झला १-२ ओहमवर उतरणाऱ्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरसारखा हा भार नाही. म्हणून ‘२ ओहमला स्थिर’ या जाहिरातीसाठी जास्त पैसे मोजू नका, ४ ओहमला किती व्होल्ट मिळतात ते विचारा.

रिले_आणि_सोल्डर
स्विचबद्दल सावध राहा. क्लास डी अ‍ॅम्प ब्रिज्ड (दोन्ही टर्मिनलवर सिग्नल देणारा) असेल तर त्याचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं. कॉमन ग्राउंडवाला बाजारी स्विच लावला तर आउटपुट शॉर्ट होऊन अ‍ॅम्प जाईल. स्कोपची ग्राउंड क्लिपही तिथे लावायची नाही, दोन प्रोब घेऊन वजाबाकी करा. स्विच लाल-काळं दोन्ही तोडणारा, आधी सोडून मग जोडणारा, किमान १५ अँपियरचा हवा. दोन अ‍ॅम्पचे आउटपुट क्षणभरही एकत्र येता कामा नयेत.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला सिग्नल मिळत असताना भार (स्पीकर) कधीच काढू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. बाजूला असताना त्याला दर चॅनेलला ४ ओहम, ५० वॅटचा अ‍ॅल्युमिनियम कवचाचा रेझिस्टर हीटसिंकवर बसवून द्या.

तुमच्या १ मायक्रोफॅरडकडे मला जास्त लक्ष द्यावंसं वाटतं. क्लास डीचा इनपुट इम्पीडन्स १० किलोओहम असेल तर १६ हर्ट्झला ३ डीबी आणि ४० हर्ट्झला ०.६ डीबी घट होते. शिवाय वाय केबलने (एकाच्या दोन वाटा करणाऱ्या केबलने) दोन अ‍ॅम्प एकाच वेळी जोडले तर हाच भार व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्याही वाट्याला येतो आणि त्याचा खर्ज विनाकारण बारीक होतो. क्लास डी ४७ किलोओहम किंवा जास्त इनपुटचा नसेल तर वाय केबल टाळा, केबल हाताने बदला.

कोथरूडकर
कळलं. क्लास डीचा इनपुट १० किलोओहमच आहे. मग हातानेच बदलेन. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज २०५ पर्यंत उतरतं, त्याचा परिणाम?

ओहमचा_नियम
होतो. व्हॉल्व्ह आणि क्लास एबीचा पुरवठा सहसा अनियंत्रित असतो. २३० चे २०७ झाले की शक्ती ०.९ × ०.९, म्हणजे १९ टक्के कमी, जवळपास ०.९ डीबी. क्लास डीमधला एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) नियंत्रित असेल तर त्याला फरक पडत नाही. म्हणजे संध्याकाळी ऐकलंत तर क्लास डीला फुकटची सवलत मिळते. तिघांना एकाच वेळेला, १६ अँपियरच्या त्याच सॉकेटवर ऐका आणि वाजत असताना सॉकेटचं व्होल्टेज लिहून ठेवा. रिलेवाला स्टॅबिलायझर मध्ये नको, तो टप्पा बदलताना टक् करतो.

ऐकण्याआधी प्रत्येकाला तासभर चालू ठेवा. खुर्ची आणि स्पीकरच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावा. हे पॅनेल मागेही तेवढाच आवाज टाकतात, दोन इंच सरकले तरी आवाजाचं चित्र बदलतं. तानपुऱ्यासह विलंबित ख्यालाचे दीड-दोन मिनिटांचे तुकडे घ्या, त्यात स्वराचा पोत पटकन पकडता येतो.

शेवटी दोनच उरले की दुसऱ्या कोणाला तरी नाणं उडवून अ‍ॅम्प जोडायला सांगा, तुम्ही खोलीबाहेर थांबा. जोडणारा खोलीतून गेल्यावरच आत या, अ‍ॅम्प पडद्याआड ठेवा. १६ पैकी किमान १२ वेळा बरोबर ओळखलंत तर नुसत्या योगायोगाने तसं होण्याची शक्यता ३.८ टक्के. ९-१० वरच अडकलात तर जो कमी तापतो आणि ज्याची दुरुस्ती पुण्यात होते तो घ्या.