गोळी एकदम सोडू नका
गोळीने मूत्राशयाची कळ कमी झाली, पण सकाळी डोकं जड राहतं, तोंडाला कोरड पडते, म्हणून अमिट्रिप्टिलिन (मूळची नैराश्यावरची, पण कमी मात्रेत दुखण्यावरही देतात ती गोळी) बंद करावीशी वाटते, असं तुम्ही लिहिलंय. एकदम सोडू नका. मी तो शहाणपणा केला होता. मळमळ, डोकेदुखी आणि झोपेचं खोबरं! डॉक्टरांनी मग पुन्हा १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दिली आणि गोळी झोपायच्या दोन तास आधी घ्यायला सांगितली. सकाळची गुंगी त्यानेच उतरली. कोरड मात्र राहिली. घोट घोट पाणी पिते, दुसरं काय! (कळ येते म्हणून पाणी तोडायचा मोह होतो, पण लघवी गडद झाली की जळजळ वाढते. शिवाय या गोळीने बद्धकोष्ठ होतं, आणि कोठा साफ नसला की मूत्राशयाचं दुखणंही वाढतं.) लघवी अडल्यासारखी वाटली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मूत्राशयाच्या याच दुखण्यावर पेंटोसान नावाचं औषधही देतात, त्याचाही विषय निघालाय. केस गळतात ते एक वेळ चालेल, डोळ्यांचं जपा. बरीच वर्षं घेणाऱ्यांच्या दृष्टिपटलात (डोळ्याच्या आतल्या पडद्यात) बदल झाल्याचं २०१८ मध्ये पुढे आलं. २०२० मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा आला. सुरू करण्याआधी पडदा तपासून घ्या. वाचताना अडखळायला लागलं किंवा अंधाराला नजर सरावायला वेळ लागू लागला, तर चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून सोडून देऊ नका.

डीएमएसओ हे याच दुखण्यावरचं द्रव औषध नळीने मूत्राशयात सोडल्यावर अंगाला दोन-तीन दिवस लसणासारखा वास येतो. घरचे नाक मुरडतात, त्याला इलाज नाही.