मदत हवी आहे: स्पूलवर कापून बांधलेली लय संथ का पडते?

मंद्रसप्तक
व्हाइट नॉइज या इलेक्ट्रॉनिक संगीत गटाच्या 'ॲन इलेक्ट्रिक स्टॉर्म' (1969) या अल्बममध्ये आहे तशी, टेपचे तुकडे जोडून बांधलेली लय करायची आहे. टेप पाव इंची, वेग सेकंदाला 19.05 सेंमी. लय मिनिटाला 120 मात्रांची, म्हणजे मात्रेला साधारण 9.5 सेंमी आणि आठ मात्रांचा लूप (टोकं जोडून फिरत राहणारी टेप) 76.2 सेंमी. याच यंत्रावर मुद्रित केलेला ऑसिलेटरचा (स्थिर सूर देणाऱ्या उपकरणाचा) सूर अचूक वाजतो, लय मात्र 100 भरते. प्रत्येक जोडावर 'टक्' असा आवाजही येतो. यंत्र अमेरिकेतलं, 117 व्होल्टचं, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतं.

कॅपस्टन
ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) बदलत नाही. सिंक्रोनस मोटरचा वेग या हर्ट्झवर ठरतो; 60 हर्ट्झची मोटर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर पाच-षष्ठांश वेगाने फिरते, म्हणून 120 चे नेमके 100 झाले. टेप प्रत्यक्षात 15.88 सेंमीने धावते आहे. मुद्रणही तितकंच संथ झाल्यामुळे सूर हलत नाही, आणि म्हणूनच हा दोष लवकर सापडत नाही. खात्रीसाठी बाहेरची मुद्रित टेप लावा. ती तीन अर्धस्वरांहून थोडी जास्त उतरलेली वाजेल.

तूर्तास मात्रा 7.94 सेंमीची कापा, लूप 63.5 सेंमीचा. कायमचा इलाज म्हणजे 50 हर्ट्झची कॅपस्टन पुली (टेप ओढणाऱ्या दांड्याची चाकी). काही मॉडेलांना मोटरचा कपॅसिटरही बदलावा लागतो, सर्व्हिस मॅन्युअल पाहा. तोवर मोटर जास्त तापेल, तासन्‌तास चालू ठेवू नका.

पट्टीवाला
'टक्' बहुधा ब्लेडमुळे. पोलादी ब्लेडला चुंबकत्व येतं आणि ते कापलेल्या कडेवर उमटतं. ब्लेड डीमॅग्नेटायझरवरून फिरवा, मग 45 अंशांत कापा. पूर्ण रुंदीच्या मोनो ट्रॅकवर तुमच्या वेगाला सुमारे 40 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा उमटणं) मिळतो. आघाताच्या सुराला मात्र तो बोथट करतो. तिथे 90 अंशच, आणि आघाताच्या किंचित आधी, शांततेत. चिकटपट्टी स्प्लायसिंगचीच, ऑक्साइडच्या (चुंबकीय लेपाच्या) उलट बाजूला. साध्या सेलोटेपचा डिंक पाझरून टेप वाचणाऱ्या हेडवर बसतो.

त्या अल्बममध्ये गटाच्या डेव्हिड व्होरहाउसने डबल बासचे टेप-तुकडे वेग वाढवून व्हायोलिन आणि चेलोसारखे केले आहेत, आणि ऐकताना ते खरंच थक्क करतं. करून पाहायचं असेल तर खालच्या वेगावर मुद्रित करून दुपटीने वाजवा: सूर एक सप्तक चढतो. गज निम्म्या लयीत चालवा, आणि तुकड्यांची लांबी नेहमी वाजवण्याच्या वेगावरून मोजा.