मदत हवी आहे: मांडवा ते रत्नागिरी किनाऱ्याने सायकल, एवढा चढ खरंच आहे का?

सातपूरकर
जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कोकण किनाऱ्याने सायकलवर जायचं नक्की केलंय. रजा मंजूर आहे. मुंबई-गोवा महामार्ग नको, समुद्राला धरून जाणारा रस्ताच हवा. नकाशात तो पाण्याला चिकटून दिसतो, पण ॲपवर मार्ग टाकला की एकेका दिवसाचा चढ हजार-बाराशे मीटर दाखवतंय. समुद्राकाठी एवढा चढ कुठून आला? शिवाय चार ठिकाणी रस्ता सरळ पाण्यात जाऊन संपतो. तिथे सायकल पलीकडे कशी न्यायची? राहण्याचं बुकिंग आज-उद्या करायचंय, तेव्हा लवकर सांगा. शक्यतो स्वतः गेलेल्यांनी सांगा.

गोदाकाठ
दिवस किती? सायकल कोणती? एकटे आहात का? मांडव्यापर्यंत कसे जाणार आणि रत्नागिरीहून परत कसे येणार? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

सातपूरकर
पाच दिवस. रोडबाईक. एकटाच. नाशिकहून मुंबईत भाऊच्या धक्क्यापर्यंत मित्र कारने सोडतोय, तिथून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडवा. परतीचं नंतर बघू, आधी चढाचं आणि पाण्याचं सांगा ना.

जव्हारमार्गे
एवढी यातायात कशाला? समुद्रच हवा असेल तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणू गाठा. दारातून सायकल काढायची, ना कार ना बोट. पुढे बोर्डीला चिकूच्या वाड्या, सुरूची बनं, रस्ता सपाट. नाशिककराला याहून जवळचा समुद्र नाही. मी दर हिवाळ्यात जातो.

गोदाकाठ
त्यांनी रत्नागिरी विचारलंय हो, डहाणू नाही.

दापोलीकर
गाव दापोली, नोकरीनिमित्त नाशिकला. हा रस्ता माझ्या पायाखालचा आहे.

ॲप बरोबर आहे. कोकणचा किनारा म्हणजे जांभ्याचे सडे, म्हणजे वर सपाट असलेली दगडी पठारं, आणि ते सडे खाड्यांनी कापलेले. गाव खाली, नारळी-पोफळीत, समुद्राच्या पातळीवर. दोन गावांच्या मध्ये सडा, शंभर-दीडशे मीटर उंचीचा. रस्ता गावातून वर चढतो, सड्यावर थोडा सपाट चालतो आणि पुढच्या गावात किंवा खाडीत उतरतो. दिवसभर हेच. एकही घाट कसाऱ्याएवढा मोठा नाही, पण बेरीज करा, हजार मीटर सहज होतात. मुरूडपर्यंत त्यामानाने सोपं आहे. खरी परीक्षा श्रीवर्धनच्या खाली सुरू होते, आणि कर्दे, लाडघर, कोळथरे ते दाभोळ या पट्ट्यात मान वर करायला सवड मिळत नाही.

आता पाणी. चार फेऱ्या लागतील: आगरदांडा–दिघी (राजपुरी खाडी), बागमांडला–वेश्वी (सावित्री), दाभोळ–धोपावे (वाशिष्ठी), तवसाळ–जयगड (शास्त्री). चारही बोटींवर गाड्या चढतात, सायकलही घेतात. बोटीचा लोखंडी रॅम्प जेट्टीवर टेकतो, त्याच्या कडेला शेवाळ असतं. पेडलला अडकणारे क्लीटचे बूट घालून त्यावर पाऊल टाकलंत तर घसरलातच. आधी गाड्या चढू द्या, मग सायकल हाताने न्या आणि कठड्याला बांधा. पलीकडे उतरलात की पाय थंड झालेले असतात आणि चढ पुढ्यातच असतो. सुरुवात हलक्या गिअरवर करा.

माझं सांगणं एकच: रोजचे किलोमीटर ठरवू नका, खाड्या ठरवा. संध्याकाळची शेवटची फेरी चुकली तर तिथेच मुक्काम. दाभोळला चुकली आणि वळसा घालायचा म्हटलं तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असं फिरावं लागतं, शंभर किलोमीटरच्या वर. म्हणून जमेल तितकं फेरीच्या आधी नाही, फेरी पार करून थांबा.

दोन_चाकं
मागे कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) कितीची आहे? सगळे चढावर बोलताहेत, पण हे कोणी विचारलं नाही.

सातपूरकर
@दापोलीकर, खूप आभार, हेच हवं होतं. कॅसेट दुकानात पाहून घेतली, ११-२५ आहे, म्हणजे चक्रांना ११ ते २५ दाते. पुढे ५०/३४.

दोन_चाकं
मग बुकिंगच्या आधी कॅसेट बदला. पुढे ३४, मागे २५ आणि पाय मिनिटाला ६० फेरे म्हणजे ताशी साधारण १० किमी. कोळथऱ्याच्या चढाला पाठीवर सामान घेऊन तो वेग टिकत नाही. मग फेरे कमी होतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. मागे ३२ लावलं की त्याच ६० फेऱ्यांना ताशी ८ किमी. दिवसातून दहा चढ असतील तर हाच फरक पाचव्या दिवशी तुम्हाला सायकलवर ठेवतो. मात्र डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) बघा. छोट्या पिंजऱ्याचा असेल तर ३२ बसणार नाही, लांब पिंजऱ्याचा लागेल, आणि चेनही नवी, जास्त कड्यांची.

नांदुरीघाट
कॅसेट-बिसेट काही नको. सरावच नसेल तर कॅसेट काय करणार? रोज पहाटे उठा, रविवारी नांदुरीहून सप्तशृंगगड चढा. पाय तयार झाले की २५ वरही सगळं चढतं. अहो, नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रॅम, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ यांनी एकट्याने केली. आपल्या शहराची ही परंपरा आहे.

दोन_चाकं
त्यांच्याबद्दल मलाही तेवढाच अभिमान आहे. पण रॅममध्ये मागे गाडी असते, त्यात माणसं असतात, सुटे भाग असतात. इथे माणूस एकटा, पाठीवर पिशवी. आणि निघायला दिवस किती उरलेत? तेवढ्यात पाय बदलत नाहीत, कॅसेट बदलते. सरावाचंच म्हणाल तर गडाचा घाट लांब आणि एका लयीचा आहे. कोकणातले चढ आखूड आणि उभे. त्यासाठी अंजनेरी गावातून वर पायथ्यापर्यंत जाणारा रस्ता जास्त जवळचा. पुन्हा पुन्हा चढा-उतरा.

नांदुरीघाट
अंजनेरीचं पटलं. कॅसेटचं नाही.

माहेर_गुहागर
जेवणाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. गुहागर, हेदवी, वेळणेश्वर भागात घरगुती खानावळी आहेत, पण आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं. ऐन वेळी गेलात तर भाकरी मिळेलच असं नाही. उकडीचे मोदक हवे असतील तरीही आधी सांगा. दुपारी बारा ते तीन सड्यावर सावली नसते, तेवढा वेळ गावात थांबा, कोकम सरबत मीठ घालून घ्या. जानेवारी असला तरी आमच्याकडे घाम फार येतो, नाशिकच्या थंडीवर जाऊ नका. आणि वेश्वीला उतरलात की वेळास जवळच आहे, कासवांची पिल्लं बघता येतील.

गोदाकाठ
ताई, कासवांची पिल्लं बहुतेक फेब्रुवारीच्या शेवटापासून पुढे दिसतात ना? हे जानेवारीत जाताहेत.

माहेर_गुहागर
हो, बरोबर. मग मार्चमध्ये जायला काय हरकत आहे?

सातपूरकर
ताई, रजा जानेवारीचीच आहे. पण खानावळीचं बरं सांगितलंत, ते माझ्या डोक्यातच नव्हतं.

जव्हारमार्गे
डहाणू नकोच असेल तर निदान उलटं करा. आधी रेल्वेने रत्नागिरी गाठा आणि उत्तरेकडे या. शेवट मांडव्याला, म्हणजे घराजवळ.

दापोलीकर
उलटं नको. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, बहुतेक वायव्येकडून. दक्षिणेला जाताना तो पाठीशी किंवा बाजूला राहतो. उत्तरेला आलात तर रोज दुपारी, दमलेल्या अंगाने, तोच वारा तोंडावर.

परतीला मात्र रेल्वे घ्या. मंगला एक्स्प्रेस रत्नागिरीला थांबते आणि कल्याणवरून थेट नाशिक रोडला येते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. पार्सल कार्यालयात वेळेच्या बरंच आधी जा. पेडल काढा, हँडल आडवं करा आणि डिरेलरवर जाड पुठ्ठा बांधा. पार्सलच्या ढिगात पहिला दणका डिरेलरच्या हँगरलाच, म्हणजे तो सायकलला जोडणाऱ्या तुकड्यालाच, बसतो.

दोन_चाकं
हँगर एक जादा जवळ ठेवा. तुमच्याच मॉडेलचा हवा, दुसऱ्याचा बसत नाही, आणि कोकणात वाटेत मिळणार नाही. ब्रेक पॅडही बघून घ्या, उतार चढाइतकेच उभे आहेत.

सातपूरकर
डिरेलर छोट्या पिंजऱ्याचा निघाला. लांबचा आणि ११-३२ कॅसेट दोन्ही सांगितलंय, चेनसकट. शनिवारी मिळेल, रविवारी अंजनेरी. मुक्काम असे धरतोय: मुरूड, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, रत्नागिरी. हे बरोबर आहे का?

दापोलीकर
हरिहरेश्वरऐवजी जमलं तर बागमांडल्याची फेरी त्याच संध्याकाळी पार करून केळशीला राहा. चौथ्या दिवशी दाभोळची जेट्टी दुपारपर्यंत गाठा. शेवटचा दिवस सर्वांत लांब आहे, तवसाळ–जयगड फेरीच्या वेळा आदल्या रात्री गुहागरमध्ये विचारून घ्या. गणपतीपुळ्यानंतर आरे-वारेच्या उतारावर डावी-उजवीकडे गाड्या थांबलेल्या असतात, दारं अचानक उघडतात. तिथे समुद्र बघायचा असेल तर सायकल थांबवून बघा.

सातपूरकर
केळशी फोनवर ठरवलं, खोली मिळाली. बाकीचं आज रात्री.

दोन_चाकं
एक राहिलं. खारी हवा चेनला लगेच गंज आणते. रोज मुक्कामावर फडक्याने पुसून तेल द्या, न चुकता.